चेमेवेवी लोकांचे वाळवंटातले जगणे: आधी टोपली की आधी पाणी?

रानवाटा

कॅलिफोर्निया, नेवाडा आणि अ‍ॅरिझोना ही तीन राज्ये जिथे एकमेकांना भिडतात, तिथले चेमेवेवी म्हणजे दक्षिण पाईउट लोकांपैकी सगळ्यात दक्षिणेकडचे. स्वतःला ते नुवू म्हणवतात. पश्चिमेला मोजावी वाळवंटातले डोंगर, पूर्वेला कोलोरॅडो नदी. सखल भागात वर्षाचा पाऊस १०० ते १५० मिलिमीटर, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर. जुन्या प्रवासवर्णनांत त्यांच्यावर ‘भटके’, ‘मिळेल ते खाणारे’ असे शेरे मारलेले आढळतात. मला ते साफ अमान्य आहेत. कुठल्या महिन्यात कुठल्या डोंगरावर जायचे, तिथे काय उतरवायचे आणि ते कसे टिकवायचे, हे सगळे ठरलेले असे.

माझे म्हणणे असे की या जगण्याच्या मुळाशी टोपली आहे. बी झोडणे, वाहणे, पाखडणे, भाजणे, साठवणे, इतकेच काय पाणी नेणेसुद्धा टोपलीतूनच. ती काढून घेतली तर वर्षातले एकही काम तडीला जात नाही. पटते का? जाणकारांनी साहित्य, कृती आणि काम कुठे बिघडते ते लिहावे. ‘निसर्गाशी एकरूप’ छापाचे प्रतिसाद नकोत.

कामटी

पूर्ण सहमत. विणकामापासूनच सुरुवात करते.

घट्ट, गोल चढत जाणाऱ्या टोपलीचे मुख्य साहित्य वाळुंजाच्या कुळातला विलो. पाने गळाल्यावर, थंडीत, त्याच वर्षी फुटलेले सरळ फोक कापायचे. ज्यावर फाटा फुटला आहे किंवा किड्याने भोक पाडले आहे तो फोक तिथेच टाकायचा, कारण पुढे चिरताना तो नेमका त्याच जागी तुटतो. झाड दरवर्षी छाटत राहिले तरच पुढच्या वर्षी लांब, सरळ फोक मिळतात. छाटणी सोडली की दोन-तीन वर्षांत नुसती गुंताड होते.

फोक तीन भागांत चिरतात. टोकाला तीन चिरा पाडून एक भाग दातांत धरायचा, उरलेले दोन दोन्ही हातांत, आणि तिन्हीकडे सारखा ताण ठेवत खाली जायचे. ज्या बाजूला ताण जास्त पडतो, तिकडे चीर पळते आणि ती पट्टी निमुळती होऊन संपते. मग आतला गाभा आणि वरची साल काढून पट्ट्या वेटोळे करून वाळवायच्या. हे वाळवणे टाळून चालत नाही. ओल्या फोकांची टोपली विणताना घट्ट वाटते, पण महिन्याभरात आकसते आणि टाके हलू लागतात. विणायच्या वेळी पट्टी पाण्यात भिजवून मऊ करून घ्यायची.

पाया तीन बारीक काड्यांचा, त्रिकोणात जुळवलेल्या. खालच्या वेटोळ्यात आरीने भोक पाडून पट्टी ओवायची आणि वरच्या काड्यांना आवळायची. भोक नेहमी एकाच खोलीवर पडले पाहिजे, नाहीतर टोपलीची भिंत एका बाजूला कलते. आरी पूर्वी हाडाची असे. पत्र्याचे डबे आल्यावर पत्र्याला भोके पाडून त्यातून पट्टी ओढून तिची जाडी सारखी करायची युक्ती त्या भागात रुळली.

काळा रंग रंगवलेला नसतो. ‘डेव्हिल्स क्लॉ’ नावाच्या झाडाच्या वाळक्या फळाला दोन लांब आकडे असतात. ते भिजवून त्यांची काळी साल पट्टीसारखी सोलून घेतात. पांढऱ्या जमिनीवर काळी नक्षी आणि बहुतेक वेळा काठालाही काळे टाके, ही चेमेवेवी टोपलीची ओळख. पिवळसर तपकिरी छटा हवी असेल तर लव्हाळ्यासारखा जंकस वापरतात.

पेठेतला

वाचनखूण साठवली. ‘दातांत धरून चिरणे’ वाचून माझ्या दंतवैद्याला घाम फुटेल.

सोलापुरी चादर

@कामटी, तुमचे ‘डेव्हिल्स क्लॉ’ ज्या कुळातले आहे, त्याच कुळातली एक वनस्पती आपल्याकडे रस्त्याकडेला, पडीक रानात माजलेली असते: विंचू किंवा वाघनखी. तीही मूळची मेक्सिकोकडची. फळाला तसेच आकडे असतात.

कामटी

बरोबर, कूळ एकच. पण वाघनखीचे आकडे जेमतेम बोटाच्या पेराएवढे, त्यातून विणायजोगी पट्टी निघत नाही. तिकडच्या झाडाचे आकडे वीतभर लांब असतात. शिवाय नैऋत्य अमेरिकेत लोकांनी निवडून निवडून एक पांढऱ्या बियांचा वाण तयार केला, त्याचे आकडे आणखी लांब आणि साल लवचीक. म्हणजे फक्त टोपलीसाठी लागवडीखाली आणलेले झाड!

जात्यावरची

टोपली झाली, आता टोपलीत काय पडत होते ते सांगते.

उन्हाळ्याच्या भरात मेस्कीटच्या शेंगा पिकतात. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. वेडी बाभूळही अमेरिकेतूनच आली आणि आपली शमीसुद्धा याच गोतातली. शेंगेतला खाण्याचा भाग म्हणजे मधला गोड गर. आतले बी दगडासारखे टणक आणि त्याला चिवट कवच. शेंगा कडकडीत वाळवून लाकडी उखळात लांब मुसळाने कांडतात. दमट हवेत हे काम काढले तर गरातली साखर ओल धरते, उखळात चिकट गोळा होतो आणि मुसळ वर उचलत नाही. म्हणून आधी उन्हात किंवा विस्तवाजवळ शेकून घ्यायच्या. कांडलेले चाळून बी आणि चोथा वेगळा काढायचा, राहिलेल्या पिठावर थोडे थोडे पाणी शिंपडत थर दाबायचे आणि वडी वाळू द्यायची. ती इतकी घट्ट होते की फोडून तुकडे काढावे लागतात. प्रवासात तुकडा चघळायचा किंवा पाण्यात कालवून प्यायचा. शिजवायची गरजच नाही, आणि जळण दुर्मीळ असलेल्या मुलखात त्याचे मोल मोठे.

शेंगांत भुंग्याच्या अळ्या असतात. साठवण बिघडते ती त्यांच्यामुळे. म्हणून नदीकाठी अ‍ॅरोवीड नावाच्या झुडपाच्या फांद्या गोल गुंडाळून घरट्यासारखी मोठी कणगी करत आणि जमिनीपासून उंच ठेवत.

दुसरी शेंग स्क्रूबीन, मळसूत्रासारखी पिळलेली. ती ताजी तुरट लागते. नदीकाठचे लोक खड्ड्यात अ‍ॅरोवीड अंथरून त्यात ती काही आठवडे पुरून ठेवत. काढताना रंग तपकिरी झालेला असे आणि चव गोड.

आता भाजणे. चिया, म्हणजे तिकडची रानटी जात (आपल्या दुकानांत मिळते ती निराळी, मध्य अमेरिकेतली), झोडणीने झोडून टोपलीत पाडतात. मग पसरट सुपात बी आणि जळते निखारे एकत्र घालून सूप सतत हलवायचे. हात थांबला की निखारे तळाला बसतात आणि सूप जळते. बी तडतडायचे थांबले की झटक्याने निखारे एका कडेला आणून बाहेर उडवायचे आणि राख फुंकायची. भाजलेले बी पाट्यावर वाटले की पीठ. कच्चे वाटले तर तेलकट लगदा होतो आणि टिकत नाही.

मृगजळ

माहिती उत्तम, पण धाग्याच्या मूळ विधानाशी मी असहमत आहे. टोपली हे साधन आहे. त्या मुलखात कुठे थांबायचे हे पाणी ठरवते. झरे विरळ आहेत आणि दोन झऱ्यांमधले अंतर कधी दिवसभराच्या चालीपेक्षा जास्त. त्याशिवाय खडकातल्या नैसर्गिक कुंडांत पावसाचे पाणी साठते, पण ते किती दिवस पुरेल हे कुंडाची खोली आणि सावली यांवर ठरते. उथळ, उघडे कुंड पंधरवड्यात कोरडे पडते. घळीतले, उत्तरेला तोंड असलेले कुंड महिनोन्‌महिने टिकते. हा हिशोब डोक्यात नसेल तर सुंदर टोपली पाठीवर घेऊन माणूस तहानेने मरेल.

झऱ्याच्या अगदी काठावर मुक्कामही करत नसत. माणसांचा वास आणि आवाज असला की रानमेंढे पाण्यावर येत नाहीत, आणि मग शिकारही गेली.

दक्षिण पाईउटांच्या गटांत झऱ्यांवर घराण्यांचा हक्क मानला जाई. ‘भटके’ म्हणणाऱ्यांना हे दिसलेच नाही.

पेठेतला

टोपली की पाणी... आमच्याकडे हंडा की नळ यावर असेच वाद होतात, फक्त पहाटे साडेपाचला.

ओवीकार

@मृगजळ यांचा हिशोब डोक्यात कसा ठेवत, त्याचे उत्तर गाण्यांत आहे.

चेमेवेवी पुरुषाकडे वडिलोपार्जित गाणे असे: रानमेंढ्याचे किंवा हरणाचे. गाणे म्हणजे एका प्रवासाचे वर्णन. त्यात डोंगर, खिंडी आणि पाणवठे ओळीने येतात. ज्याच्याकडे ते गाणे, त्याला त्या गाण्यातल्या डोंगरांवर शिकार करायचा हक्क. म्हणजे हक्काचा कागद, वाटेचा नकाशा आणि पाणवठ्यांची यादी, तिन्ही एकाच ठिकाणी. क्रम चुकवून चालत नाही, कारण क्रम चुकला तर वाट चुकते.

मीठगीते याहून वेगळी. ती मृत्यूनंतरच्या विधीत म्हणतात, चेमेवेवींबरोबर इतर दक्षिण पाईउट गटांतही. सूर्यास्ताला सुरुवात, सूर्योदयाला शेवट. साथीला भोपळ्याचा खुळखुळा. गीतांची वाट बिल विल्यम्स नदी कोलोरॅडोला मिळते त्या परिसरातल्या गुहेपासून निघते आणि वाळवंट, झरे, मिठाच्या जागा, पर्वत ओलांडत शेकडो मैल जाते. मृताच्या आत्म्याला या वाटेने सोबत करायची असते, त्यामुळे पहाटेआधी गाणे थांबवता येत नाही. गायकांना रात्रीचा अंदाज घेत, कुठे सावकाश जायचे आणि कुठे पुढे सरकायचे हे ठरवावे लागते.

शोकविधीचे आमंत्रण गाठी मारलेल्या दोरीने जाई. निरोप्या दोरी देऊन जायचा, पाहुण्यांनी रोज एक गाठ सोडायची. शेवटची गाठ सुटली की तो दिवस. मृताच्या वस्तू जाळत आणि त्याचे नाव घेणे टाळत.

गोष्टींचेही पथ्य आहे. लांडगा, कोयोटी (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) आणि सागरस्त्रीच्या कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या, साप जमिनीखाली असतात तेव्हा. सागरस्त्रीने स्वतःच्या अंगाच्या त्वचेपासून जमीन घडवली. पुढे तिने कोयोटीजवळ एक बंद टोपली दिली, ती त्याने उघडली आणि माणसे बाहेर पडून सगळीकडे पसरली. या कथांचे पवित्र केंद्र नेवाडातले चार्ल्सटन शिखर.

रानवाटा

म्हणजे माणसेसुद्धा टोपलीतूनच आली. माझी बाजू बळकट होतेय.

टेकडी

शिकारीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

चेमेवेवी धनुष्य आखूड असते, टोके उलट वळवलेली आणि पाठीवर तात (प्राण्याची चिवट कंडरा) चिकटवलेली. शेजारच्या मोजावे लोकांचे धनुष्य लांब आणि साध्या लाकडाचे. फरकाचे कारण उघड आहे: खडकांतून रांगत जाऊन रानमेंढ्याला गाठायचे तर लांब धनुष्य अडते. पण आखूड लाकूड तेवढेच खेचले तर पाठीवर चिरते, म्हणून तात हवीच. हरणाच्या पाठीची किंवा पायाची तात वाळवून, ठेचून तंतू सुटे करायचे, सरसात भिजवून लाकडाच्या पाठीवर लांबीला समांतर थापायचे. वाळताना तात आकसते आणि धनुष्य आपोआप उलट वळते. सरस पुरता वाळण्याआधी खेचले तर थर सुटतो. दमट हवेतही हे धनुष्य मऊ पडते, पण तिकडे दमट दिवस फारच थोडे.

बाण बोरूसारख्या पोकळ वेताचा, पुढे कठीण लाकडाचा तुकडा बसवलेला आणि टोकाला गारगोटीचे पाते. वेत हलका असल्याने बाण वेगाने जातो. पुढचे लाकूड वजन देते आणि तुटले तर तेवढेच बदलता येते.

रोजचे मांस मात्र लहान प्राण्यांचे: ससे, कासव, चकवाला. चकवाला हा जाडजूड सरडा. धोका दिसला की खडकाच्या फटीत शिरतो आणि अंग फुगवून घट्ट बसतो. शेपटी धरून ओढला तर शेपटी हातात येते. मग टोकाला आकडी असलेली काठी आत घालून त्याला ओढून काढतात. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा फ्रान्सिस्कन पाद्री या मुलखातून गेला. त्यानेही नोंद केली आहे की हे लोक शस्त्रांबरोबर बिळातले प्राणी ओढायची आकडी बाळगतात, आणि डोक्यावर तुऱ्याच्या पक्ष्यांची पिसे लावलेली टोपी घालतात. लाव्यासारख्या क्वेल पक्ष्याच्या तुऱ्यांनी सजवलेली कातडी टोपी पुढेही चेमेवेवी पुरुषांची ओळख राहिली.

सशांसाठी लांब जाळी लावून सगळ्यांनी मिळून हाका घालायचा. कातडे ओले असतानाच कडेपासून गोल गोल एक अखंड पट्टी कापायची. ती स्वतःभोवती पिळली की चारी बाजूंनी केस असलेली दोरी होते. अशा दोऱ्या शेजारी शेजारी ठेवून सुताने गुंफल्या की पांघरूण तयार. मोठ्या माणसाच्या पांघरुणाला शंभरच्या आसपास ससे लागत. हाका थंडीत घालत, तेव्हा केस दाट असतात.

पेठेतला

फटीत फुगून बसणारा सरडा वाचून तानाजीची यशवंती आठवली. तिला दोर बांधला होता, याला आकडी लावली.

सोलापुरी चादर

डोंगरावर पाइन नट असतात ना? आपल्याकडच्या चिलगोजासारखे?

जात्यावरची

हो, चिलगोजाचा जवळचा नातेवाईक, पिन्यन. प्रॉव्हिडन्स आणि न्यूयॉर्क डोंगररांगांत (हो, कॅलिफोर्नियातही न्यूयॉर्क आहे) वरच्या उंचीवर मिळतो. शरद ऋतूत फळे हिरवी, बंद असतानाच काढायची. आपसूक उघडायची वाट पाहिली तर पक्षी आणि खारी आधी पोचतात. हिरवी फळे विस्तवावर भाजली की खवले उघडतात आणि राळ जळून जाते. बिया पुन्हा निखाऱ्यांबरोबर सुपात भाजायच्या, पाट्यावर हलक्या हाताने दाबून कवच फोडायचे, पाखडायचे. जोर जास्त दिला तर गर तेल सोडतो आणि कवचाचे तुकडे त्याला चिकटतात. दरवर्षी चांगले पीक येत नाही, म्हणून भरपूर आले त्या वर्षी साठा करणे भाग.

वसंतात अगेव्ह. घायपाताचा भाऊ. फुलाचा दांडा वर यायच्या बेतात असतो तेव्हाच कापायचा, कारण दांडा वाढला की गाभ्यातली साखर त्यात खर्ची पडते. पाने छाटून उरलेला कोबीसारखा गड्डा घ्यायचा. कच्च्या रसाने कातडीला खाज सुटते. खड्ड्यात दगड रचून मोठा जाळ करायचा, तो बसला की तापलेल्या दगडांवर गड्डे, वर ओले गवत, वर माती. एक-दोन रात्री तसेच ठेवायचे. मातीतून वाफ निसटताना दिसली की लगेच तिथे माती टाकायची, नाहीतर तेवढा भाग कच्चा आणि कडू राहतो. इतका वेळ लागतो कारण त्यातले कर्बोदक न पचणाऱ्या जातीचे, इन्युलिनसारखे असते. दीर्घ उष्णतेने त्याची साखर होते. भाजलेला गर कुटून, थापून वाळवला की कित्येक महिने टिकतो.

मृगजळ

नदी विसरू नका. १८२०च्या दशकाच्या अखेरीस मोजावेंनी हालचिढोमा लोकांना नदीकाठावरून हुसकावले, त्यानंतर चेमेवेवी तिथे मोठ्या संख्येने वसले. पुढे १८६०च्या दशकात मोजावेंशीच लढाई झाली, आणि काही कुटुंबे पश्चिमेला ट्वेंटीनाइन पाम्सच्या मारा झऱ्यावर गेली.

नदीकाठची शेती पुरावर. रॉकी पर्वतातला बर्फ वितळून उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर येई. पाणी ओसरले की ओल्या गाळात टोकदार काठीने भोके पाडून मका, टेपरी, भोपळा, कलिंगड पेरायचे. पाट नाहीत, नांगर नाही. पेरणीची घाई असे, कारण वरचा थर वाळून भेगाळला की कोंब वर येत नाहीत. काठी खालच्या ओलीपर्यंत गेलीच पाहिजे. उशिरा दुसरा लोंढा आला तर मात्र सगळी पेरणी वाहून जाई.

सोलापुरी चादर

टेपरी म्हणजे मटकीच ना? फोटोत तशीच दिसते.

जात्यावरची

दिसते तशी, पण ती घेवड्याच्या गोतातली आहे. मटकी मूग-उडदाच्या. दोघीही उन्हाला दाद देत नाहीत हे खरे. टेपरीला उलट जास्त पाणी दिले तर पाला माजतो आणि शेंगा कमी धरतात.

टेकडी

@मृगजळ, नदीकाठी मातीची मडकीही होती, हे @रानवाटा यांच्या विधानाला छेद देते. शिजवायला टोपली लागत नव्हती.

कामटी

होती, आणि चांगली होती. पण मडके घेऊन डोंगर चढता येत नाही. मुक्काम ठरलेला असेल तिथे मडके, पाठीवर टोपली. ओझ्याची टोपली शंकूच्या आकाराची, पट्टा कपाळावरून. कपाळाला काच बसू नये म्हणून बायका विणलेली टोपी घालत.

आणखी एक. नक्षीवर हक्क असे, गाण्यांवर असतो तसाच. मेरी स्नायडर या प्रसिद्ध विणकरणीच्या टोपल्यांवर साप आणि किडे आहेत. दुसरीने ते उचलायचे नाहीत. १८८३ मध्ये नदीकाठच्या नीडल्स गावाला रेल्वे पोचल्यावर प्रवाशांना विकायला टोपल्या होऊ लागल्या, पण हा संकेत पाळला गेला.

ओवीकार

आता हे सगळे कुठे करायचे, हा प्रश्न आहे. १९०७ मध्ये चेमेवेवी खोऱ्यात राखीव क्षेत्र मिळाले. कोलोरॅडोवरच्या हूवर धरणाने वार्षिक पूर थांबवला. १९३८ मध्ये पार्कर धरण पुरे झाले आणि हवासू तलावाखाली राखीव क्षेत्राची सुमारे आठ हजार एकर जमीन गेली. गेली ती नेमकी काठाची, म्हणजे शेती, मेस्कीटची बने आणि विलोची बेटे एकदम. जमातीला संघराज्याची मान्यता परत मिळायला १९७०चे दशक उजाडले. मला या इतिहासाचा राग येतो. पाणी शहरांना गेले, आणि ज्यांनी त्या गाळावर पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवला त्यांच्या वाट्याला काठावरचे खडक आले.

कामटी

अगदी खरे. काठावर आता टॅमारिस्क हे परदेशी झुडूप माजले आहे. विलो शोधायला लांब जावे लागते. जिथे मिळतो तिथे फवारणी झालेली नाही ना, हे आधी विचारावे लागते, कारण फोक दातांत धरायचा असतो.

मृगजळ

मूळ प्रश्नाकडे येतो. माझे पाणी आणि तुमची टोपली जिथे भेटतात ती वस्तू अजून कोणी नीट सांगितली नाही: राळ लावलेली पाण्याची बाटली. गळत कशी नाही?

कामटी

ती वेटोळ्याची नसते. उभ्या काड्यांभोवती दोन पट्ट्या पिळत, अगदी दाट विणतात. तोंड अरुंद, पोट फुगीर, तळ गोलसर किंवा निमुळता, त्यामुळे जमिनीवर ठेवली तर कलते पण सांडत नाही. बाजूला दोन कड्या, त्यांतून पट्टा. पिन्यनची राळ वितळवून, काडीकचरा गाळून आत ओततात, लगेच तापवलेले खडे टाकतात आणि बाटली सगळीकडे फिरवतात. खड्यांच्या उष्णतेने राळ पातळ राहते आणि विणीच्या फटींत शिरते. खडे फार तापले तर पट्ट्या करपतात, कमी तापले तर राळीचे गोळे होऊन खडे आतच चिकटतात. म्हणून थोडे थोडे खडे, दोन-तीन वेळा. बाहेरूनही राळ चोपडतात.

सुरुवातीचे पाणी राळेच्या वासाचे लागते, ते ओतून द्यायचे. रिकामी बाटली उन्हात ठेवायची नाही, राळ तळाला ओघळते आणि वरची वीण उघडी पडते. थंडीत आपटली तर राळेला तडा जातो. गळती दिसली तर बाटली पूर्ण वाळवून त्या जागेवर बाहेरून राळेचा खडा ठेवायचा आणि तापलेला दगड जवळ धरून तो आत मुरवायचा. ओल्या विणीवर राळ धरत नाही, त्यामुळे ही दुरुस्ती झऱ्यापाशी असतानाच करून घ्यायची, वाटेत नाही.